कोर्टावरचा बूट, गाडीतळावरचा पाय

प्रस्तावना

या पुस्तकातला एकही बूट चालण्यासाठी बनवलेला नाही. सगळे बास्केटबॉलसाठी बनले, आणि बास्केटबॉलमध्ये भर चालण्यावर नसतो. २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद लाकडी कोर्टावर खेळाडू चार पावलं सुसाट पळतो, जागच्या जागी थांबतो, एका चवड्यावर गर्रकन वळतो, दहा फुटांवरच्या रिंगकडे झेपावतो आणि धपकन खाली येतो. त्या धपकन येण्यासाठी सोल रुंद आणि सपाट केला. वळता यावं म्हणून तळाला चवड्याखाली गोल रेघा काढल्या. थांबताना पाय बाजूला घसरू नये म्हणून चामडं थरावर थर घेतलं आणि टाचेची वाटी कडक ठेवली. पुढे खेळाडूंना याहून हलके आणि मऊ बूट मिळाले, तेव्हा त्यांनी हे सोडून दिले. बाकीच्या जगाने ते उचलले. आज हा बूट पुण्यात हडपसरला मगरपट्ट्याच्या ऑफिसात लिफ्टची वाट बघत उभा असतो, अमनोरा मॉलच्या सरकत्या जिन्यावर असतो, गाडीतळाच्या स्टॉपवर भेकराईनगरच्या बसमध्ये चढताना कोणाच्या तरी पायाखाली येत असतो. बास्केटबॉलच्या कोर्टावर मात्र तो क्वचितच दिसतो.

तेव्हा प्रश्न साधा आहे. ज्या कामासाठी हा बूट केला, ते काम आपण करत नाही. मग आपल्या कामाला तो कितपत येतो? दिवसाचे दहा तास पायात सुखाने राहतो का? कोणाच्या पायाला बसतो, कोणाच्या बसत नाही? आणि दिसायला बरा म्हणून माणसाने किती सोसायचं? जुन्या बास्केटबॉल बुटांवर जगभर भरपूर लिहिलं गेलं आहे, पण त्यातलं बहुतेक लिखाण कुठला बूट कुठल्या साली आला आणि कुठल्या खेळाडूने घातला याभोवती फिरतं. पायाबद्दल त्यात फारसं काही नसतं. आपल्या पायाबद्दल तर नसतंच.

हडपसरमध्ये बसून हे लिहिण्याला कारण आहे. पुण्याच्या दुसऱ्या कुठल्याही भागात इतक्या तऱ्हेचं पादत्राण एका रस्त्यावर दिसत असेल असं मला वाटत नाही. सकाळी औद्योगिक वसाहतीतल्या पाळीला निघालेल्यांचे पुढे लोखंडी टोपी असलेले सेफ्टी शूज, मांजरी-फुरसुंगीकडून भाजी घेऊन आलेल्यांच्या रबरी चपला, शाळकरी मुलांचे काळे बूट आणि आयटीवाल्यांचे पांढरे स्नीकर्स, हे सगळं सोलापूर रस्त्याच्या एकाच सिग्नलला पाय टेकून उभं असतं. मगरपट्टा सिटी उभी राहिली ती इथल्या शेतकरी कुटुंबांनी आपली सुमारे चारशे एकर जमीन एकत्र करून. जिथे ऊस होता तिथे काचेची ऑफिसं आली आणि त्या ऑफिसांनी कपड्यांचे नियम सैल केले. शुक्रवारपुरती असलेली सवलत हळूहळू आठवडाभराची झाली आणि काळे लेदरचे फॉर्मल बूट लग्नामुंजीपुरते उरले. ती रिकामी जागा स्नीकरने भरली, आणि स्नीकरमध्येही जास्त करून या जुन्या बास्केटबॉलच्या घाटाने. पळायचे बूट पॅंटवर विजोड दिसतात. हे तसे दिसत नाहीत.

इतिहास थोडक्यात सांगतो, कारण प्रत्येक बुटाची बसणी त्याच्या इतिहासात आहे.

जेम्स नायस्मिथ यांनी १८९१ साली अमेरिकेत स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए प्रशिक्षण शाळेत हा खेळ शोधला. १९१७ साली कॉन्व्हर्स कंपनीने ऑल स्टार आणला. वर कॅनव्हास, खाली रबर, घोट्यापर्यंत उंच. पुढे चक टेलर या खेळाडू-विक्रेत्याचं नाव त्याला जोडलं गेलं आणि कित्येक दशकं बास्केटबॉलचा बूट म्हणजे हाच, असं समीकरण राहिलं. त्याच्या आत उशी म्हणावी असं फारसं काही नाही. तो पातळ, लवचिक आणि जमिनीला चिकटून राहणारा आहे. १९६९ साली आदिदासने सुपरस्टार आणला, चामड्याचा, घोट्याखाली कापलेला आणि पुढे बोटांवर रबरी शिंपला चढवलेला. कॅनव्हासमध्ये पाय मुरगळायचा आणि बोटं ठेचायची, त्यावरचा हा उपाय. १९७३ साली प्यूमाने न्यूयॉर्क निक्सच्या वॉल्ट फ्रेझरसाठी क्लाइड काढला, मऊ लवदार चामड्याचा, म्हणजे स्वेडचा. १९८२ साली नाइकीने एअर फोर्स वन आणला. ब्रूस किलगोरच्या या बुटात टाचेखाली हवेची पिशवी होती, बास्केटबॉलच्या बुटात पहिल्यांदाच. १९८५ साली पीटर मूरच्या हातून एअर जॉर्डन वन आणि डंक असे दोन बूट आले, जवळपास एकाच कुळातले. खेळाडू जॉर्डनच्या बुटांच्या रंगांवरून एनबीए या अमेरिकी लीगने आक्षेप घेतला आणि नाइकीने त्या आक्षेपाचीच जाहिरात केली. १९८९ साली न्यू बॅलन्सचा ५५० आला तेव्हा कोणी फार लक्ष दिलं नाही. २०२० मध्ये तो पुन्हा काढला, आणि मग तो सगळीकडे दिसू लागला.

यातला एअर फोर्स वनचा किस्सा मला महत्त्वाचा वाटतो. कंपनीने तो बंद करायला घेतला होता. तोपर्यंत बहुतेक बुटांची रीतच तशी होती. बूट यायचा, एक-दोन हंगाम चालायचा, जायचा. बाल्टिमोरमधल्या काही दुकानदारांनी कंपनीला गळ घातली की आमच्याकडे लोक हाच मागतात, नवे रंग करून द्या. कंपनीने दिले, ते संपले, आणखी दिले. जुना बूट पुन्हा काढून विकता येतो हे तिथे सिद्ध झालं. आज ज्याला रेट्रो म्हणतात त्याची सुरुवात अशी गिऱ्हाइकाच्या हट्टातून झाली. तो हट्ट शहरातल्या साध्या पोरांचा होता, खेळाडूंचा नव्हता. त्याच दशकात, १९८६ साली, रन-डीएमसी या रॅप गटाने आदिदासवर गाणं केलं आणि सुपरस्टार लेस न लावता घालायची टूम गाजवली. त्यांची ती ऐट होती. आपल्याकडे घर, देऊळ आणि काही दवाखान्यांच्या दारात दिवसातून सहा वेळा बूट काढावे लागतात, म्हणून आपण लेस सैल ठेवतो. कारण वेगळं, दिसतं सारखंच.

या सालांमध्ये आपलं काही नाही, हे इथे स्पष्ट म्हणायला हवं. बास्केटबॉल महाराष्ट्राला परका नाही. मुंबईच्या नागपाड्याने पिढ्यान्‌पिढ्या खेळाडू दिले, तिथल्या अब्बास मुंतसिर यांना १९७० सालचा अर्जुन पुरस्कार मिळाला. पुण्याच्या शिरीन लिमयेने भारतीय महिला संघाचं कर्णधारपद भूषवलं. पण आपल्याकडचा हा खेळ बराचसा उघड्यावरच्या सिमेंटच्या कोर्टावर वाढला, आणि ज्या वर्षी शिकागोत जॉर्डन वन विकला जात होता त्या वर्षी आपल्याकडे बहुतेकांच्या पायात कॅनव्हासचे बूट होते. शाळेत शनिवारी पीटीला पांढरे कॅनव्हास लागायचे. शुक्रवारी रात्री ते धुवायचे, ओले असतानाच त्यावर पांढरा खडू फासायचा आणि सकाळी अर्धवट वाळलेले घालून पळायचं, हे ज्यांनी केलं त्यांची जुन्या बुटांची आठवण ती आहे. अमेरिकेतला पन्नाशीचा माणूस जॉर्डन वन घेतो तेव्हा लहानपणी न मिळालेली वस्तू घेत असतो. ससाणेनगरमधला पंचवीस वर्षांचा मुलगा तोच बूट घेतो तेव्हा दुसऱ्याच्या आठवणी विकत घेत असतो. त्यात वाईट काही नाही, हौसेला मोल नसतं. पण याचा एक फायदा आपण घेत नाही. आपण त्या सालांचं काही देणं लागत नाही. अमुक बूट मूळ कसा होता, रेघ तेवढीच जाड आहे का, जिभेवरचं लेबल तसंच आहे का, या चर्चा त्यांनी कराव्यात. आपण हा बूट निव्वळ पायावरून जोखायला मोकळे आहोत. या पुस्तकाचा सगळा भर त्यावर आहे.

पायावरून जोखायचं म्हणजे आधी मापाचा गोंधळ सोडवायला हवा. आपल्याकडे दुकानात ‘आठ नंबर द्या’ म्हणतात तो ब्रिटिश नंबर. ब्रिटिश आणि अमेरिकी, दोन्ही पद्धतींत एका नंबरचा फरक म्हणजे एक तृतीयांश इंच, साडेआठ मिलिमीटरच्या आसपास. पण दोन्हींची सुरुवात वेगळी, आणि कंपन्यांचं आपसांत एकमत नाही. नाइकीचा ब्रिटिश ८ म्हणजे अमेरिकी ९. आदिदासचा ब्रिटिश ८ म्हणजे अमेरिकी साडेआठ. कॉन्व्हर्सच्या चक टेलरवर ब्रिटिश ८ आणि अमेरिकी ८ एकच. त्यामुळे ‘मला सगळ्यांचा आठच लागतो’ असं म्हणणारा माणूस तीनपैकी एखाद्या बुटात तरी फसतो. बॉक्सवर किंवा जिभेच्या आतल्या लेबलवर सेंटिमीटरचा आकडा असतो, तो बघावा. नाइकीचा ८ हा २७ सेंटिमीटर लिहिलेला असतो आणि आदिदासचा ८ हा साडेसव्वीस. एवढ्या फरकात करंगळीचा निकाल लागतो.

आकडा जुळला तरी घाट वेगळा. एअर फोर्स वन आतून ऐसपैस आहे. बऱ्याच जणांना त्यात अर्धा नंबर कमी बसतो. चक टेलर लांबीला मोठा येतो, पण रुंदीला नाही. सुपरस्टारही थोडा लांबच आहे, मात्र त्याचा रबरी शिंपला कधीच सैलावत नाही, म्हणून पहिल्या दिवशी बोटांना जेवढी जागा मिळते तेवढीच कायमची. डंक आणि ५५० पंजाला आवळतात. जॉर्डन वन नंबरला बरोबर, पण नवा असताना घोट्यापाशी ताठ. चामडं वापरून रुंदीत थोडं सैलावतं, लांबीत नाही. त्यामुळे ‘घालून घालून मोठा होईल’ हे दुकानदाराचं वाक्य अर्धंच खरं आहे. आणि ‘एक नंबर मोठा घ्या, वाढत्या अंगाचा’ हे आईचं वाक्य मुलांपुरतं ठीक. तिशीतली माणसंसुद्धा सवयीने मोठा बूट घेतात आणि मग टाच वरखाली होऊन फोड येतो, तेव्हा ‘बूट चावतो’ म्हणतात. बूट ढिला असला तरी चावतो, हे फार जणांच्या लक्षातच येत नाही.

त्यातून आपला पाय. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने देशभरात एक लाखाहून अधिक लोकांच्या पायांची मापं घेतली. भारतीयांचा पाय युरोपीय-अमेरिकी पायापेक्षा रुंद असतो असं त्यातून दिसलं, आणि भारतासाठी ‘भा’ नावाची स्वतंत्र मापपद्धती सुचवली गेली. ज्याने आयुष्यभर उघड्या बोटांची चप्पल घातली त्याला हे आकड्यांशिवायही माहीत असतं. कोल्हापुरीत पुढचा पाय मोकळा असतो, अंगठा आणि बोटं आपापल्या जागी पसरतात. तोच पाय विशीनंतर पहिल्यांदा दिवसभर बंद बुटात जातो तेव्हा चवड्याच्या दोन्ही बाजूंनी तक्रार करतो. हे बूट जवळजवळ सगळे एकाच, मध्यम रुंदीत येतात. न्यू बॅलन्ससारखी कंपनी तिच्या पळण्याच्या बुटांत रुंद मापं देते, पण या जुन्या घाटांत ती सोय सहसा नाही. ज्यांचा पंजा रुंद आहे त्यांनी एअर फोर्स वन किंवा सुपरस्टारपासून सुरुवात करावी आणि डंकच्या वाटेला जाऊ नये, असं माझं मत आहे. डंक दिसायला अधिक देखणा आहे, हे मान्य करूनही.

बायकांची अडचण आणखी वेगळी. यातले कित्येक रंग फक्त पुरुषांच्या नंबरात येतात आणि सहाच्या खाली मिळतच नाहीत. नाइकीत बायकांचा अमेरिकी नंबर पुरुषांच्या नंबरपेक्षा दीडने जास्त असतो, म्हणजे पुरुषांचा ६ हा बायकांचा साडेसात. ज्यांचा पाय लहान त्यांनी मोठ्या मुलांच्या मापाचे बूट जरूर बघावेत. घाट तोच असतो आणि बहुतेक वेळा किंमत कमी असते.

दुकानात करायची एक गोष्ट सविस्तर सांगतो, कारण ती कोणी करत नाही. बुटातला आतला तळ, ज्याला इनसोल म्हणतात, तो बाहेर काढा. जमिनीवर ठेवा. त्यावर मोजे घालून उभे राहा, सगळं वजन टाकून. अंगठ्याच्या पुढे बोटाच्या रुंदीएवढी जागा उरली पाहिजे. पंजाच्या दोन्ही बाजू त्या तळाच्या आत राहिल्या पाहिजेत. करंगळी बाहेर लोंबकळत असेल तर बूट कितीही सुंदर असो, ठेवून द्या. मग खाली वाकून बघा, तुमचा चवडा जिथे मुडपतो ती जागा आणि इनसोलचा सगळ्यात रुंद भाग एकमेकांवर येतात का. येत नसतील तर बूट चुकीच्या जागी मुडपेल, चामड्याची घडी बोटांच्या मुळावर पडेल आणि तिथेच दुखेल. हे सगळं दोन्ही पायांनी करा, कारण दोन पाय क्वचितच सारखे असतात. मोठ्या पायाचा नंबर घ्यायचा.

आता बूट उलटा करू. या बुटांचे बांधणीवरून दोन प्रकार पडतात. पहिला चक टेलरसारखा. वरच्या कापडाला खाली रबराचा तळ आणि कडेने रबरी पट्टी चिकटवून, सगळं भट्टीत भाजून एकजीव करतात. असा बूट हलका आणि मुडपायला सोपा, पण खडीवर चाललं की प्रत्येक खडा कळतो. दुसरा प्रकार वाटीसारख्या सोलचा. सुपरस्टार, एअर फोर्स वन, जॉर्डन वन, डंक, ५५० हे सगळे त्यातले. रबराची उंच कडांची वाटी ओततात, तिच्यात फेसाचा थर किंवा हवेची पिशवी बसवतात, वरून चामड्याचा भाग आत उतरवतात, चिकटवतात आणि मग कडेने शिवतात. ती शिवण बाहेरून दिसते, सोलच्या कडेला खाचेत गेलेली. नकली बुटात पुष्कळदा ही शिवण ठशासारखी नुसती उमटवलेली असते, दोरा नसतोच. अंगठ्याच्या नखाने दोरा उचकून बघितला की कळतं.

ही शिवण उसवली तर बूट टाकायची गरज नाही. रस्त्याकडेचा गटई कामगार ती नीट घालून देतो. तो आधी जुना दोरा ओढून काढतो, खाचेतली माती आरीच्या टोकाने खरवडतो, मग त्याच जुन्या भोकांतून मेणाचा दोरा आतबाहेर नेतो. नवी भोकं पाडली तर रबर फाटतं, हे त्याला सांगावं लागत नाही. बुटाच्या आत हात घालून दोऱ्याचं टोक पकडण्यासाठी तो इनसोल काढून बाजूला ठेवतो आणि काम झाल्यावर न विसरता परत घालतो. जगभर नावाजलेली कंपनी जे काम यंत्राने करते, तेच इथे टपरीत हाताने होतं. पालखीच्या दिवशी हेच हात वारकऱ्यांच्या चपला विनामूल्य शिवताना दिसतात.

पालखीचा विषय निघाला म्हणून सांगतो. हडपसरला ज्ञानोबांची आणि तुकोबांची अशा दोन्ही पालख्या एकमेकींपासून वेगळ्या होतात, एक दिवे घाटातून सासवडला आणि दुसरी लोणी काळभोरकडे. आता ऑफिसातली बरीच तरुण मंडळी पुण्यापासून सासवडपर्यंतचा टप्पा चालतात, तीस किलोमीटरच्या घरातला, वाटेत घाटाची चढण. त्यातल्या काहींच्या पायात हे बूट असतात. ते घालू नयेत. हा बूट जड आहे, एकेक बूट पाव किलोच्या बराच वर जातो. सोल सपाट आणि ताठ, त्यामुळे टाचेपासून चवड्यापर्यंत पाऊल लोळत नाही, आपटत जातं. चामड्यात घाम कोंडतो. पुढच्या बारीक भोकांतून जेवढी हवा जाते ती ऑफिसच्या एसीत पुरते, जूनच्या दमटपणात नाही. लांब चालायला पळण्याचे बूट घ्यावेत किंवा चांगली सँडल. सुखाचा बूट आणि चालण्याचा बूट, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग सुख कुठे आहे? उभं राहण्यात. ज्यांना दिवसभर उभं राहून काम आहे, दुकानात, प्रयोगशाळेत, वर्गात, त्यांना ही रुंद आणि स्थिर बैठक मानवते. मऊ लुसलुशीत सोलवर तासभर बरं वाटतं, मग पाय डुगडुगून थकतो. यावर तसं होत नाही. ऑफिस, कॅन्टीन, पार्किंग, घर एवढी हालचाल असलेल्या माणसालाही हे बूट पुरेसे आहेत. टाच किंवा गुडघा दुखत असेल तर आतला इनसोल बदलून चांगला घालता येतो, कारण वाटीच्या सोलमध्ये खोली असते. चक टेलरमध्ये ती नसते.

दुचाकीचा विचार कुठल्याच परदेशी पुस्तकात सापडत नाही. हडपसरमधल्या कुठल्याही पांढऱ्या स्नीकरची जोडी बघा, डावा बूट पुढून काळा आणि मुडपलेला असतो. गिअर टाकून टाकून. मऊ चामड्याचा बूट वर्षभरात तिथे सोलतो, स्वेड त्याआधी. सुपरस्टारचा रबरी शिंपला बोटं वाचवायला केला होता. आज तो गिअरखाली टिकतो आणि ओल्या फडक्याने पुसला की साफ होतो. रोज मोटरसायकलने जाणाऱ्याला मी पहिलं नाव त्याचंच सांगेन. उंच घोट्याचा जॉर्डन घालून ब्रेक-गिअर करताना पाऊल नीट मुडपत नाही, त्यामुळे वरची दोन भोकं मोकळी ठेवून लेस बांधावी.

पावसाळ्याबद्दल दोन गोष्टी. तळाच्या बारीक नागमोडी रेघा लाकडी कोर्टावर पकड घेतात, ओल्या गुळगुळीत फरशीवर घेत नाहीत. सोसायटीच्या जिन्यावर आणि मॉलच्या दारात जपून. आणि भिजलेला बूट गॅसजवळ किंवा कडक उन्हात ठेवू नये, डिंक सुटतो. वर्तमानपत्राचे बोळे भरून पंख्याखाली ठेवावा, बोळे दोनदा बदलावेत. स्वेडचा क्लाइड जून ते सप्टेंबर कपाटात असलेला बरा.

कपाटात म्हटलं, पण तिथेही एक धोका आहे. आपल्याला चांगली वस्तू ठेवणीत टाकायची सवय. पैठणी ठेवणीत टिकते, बूट टिकत नाही. काही जुन्या घाटांत, उदाहरणार्थ जॉर्डनच्या तिसऱ्या-चौथ्या बुटात, मधला थर पॉलियुरेथेनच्या फेसाचा असतो. हवेतला दमटपणा तो फेस आतून तोडत राहतो, बूट घाला किंवा डब्यात ठेवा. काही वर्षांनी न वापरलेली कोरी जोडी काढून पायात घातली की सोलचे तुकडे पडतात. गुंतवणूक म्हणून बूट घेऊन ठेवणाऱ्यांनी हे आधी वाचावं. घेतला तर घालावा, आलटून पालटून, दोन दिवसांत एकदा. म्हणजे मधल्या दिवशी आतला घाम सुकतो.

दिसण्याविषयी पुस्तकात एक सबंध प्रकरण आहे, इथे माझे ग्रह तेवढे सांगतो. हे बूट भरीव असतात, त्यामुळे खाली निमुळत्या होत गेलेल्या घट्ट पॅंटखाली पाय होडीएवढे दिसतात. सरळ कापाची पॅंट किंवा जीन्स हवी, बुटाच्या जिभेवर हलकी टेकणारी. कुर्त्यावर पांढरा सुपरस्टार शोभतो. साडीवर चक टेलर घालणाऱ्या मुली मला आवडतात, कारण त्या बसमध्ये चढताना कोणाचा हात मागत नाहीत. शेरवानीखाली जॉर्डन घालणारे नवरदेव अलीकडे दिसतात. मेहुण्यांनी पळवलेले जोडे सोडवायला त्यांना किती मोजावे लागतात, हे त्यांचं त्यांना ठाऊक. तीनहून जास्त रंगांचा बूट रोजच्यासाठी घेऊ नये. चार महिन्यांत कंटाळा येतो.

पैशांचं बोलायला हवं. सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या जोडीवर ५ टक्के जीएसटी आहे आणि त्यावरच्या जोडीवर १८ टक्के. मोठ्या कंपन्यांचे हे जुने घाट बहुतेक त्या रेषेच्या वरच पडतात. म्हणून फर्स्ट कॉपीचा बाजार तेजीत असतो. नीतीचं प्रवचन मी देणार नाही, पायाचं देतो: नकली बुटात वरचं सगळं हुबेहूब असतं, आतला फेस आणि टाचेची वाटी नसते. दिसतं तेवढंच खरं, बाकी पुठ्ठा. तेवढ्याच पैशांत एखाद्या देशी कंपनीचा साधा, नावाचा गवगवा नसलेला बूट कितीतरी बरा. देशी प्रयोग सुरूही झाले आहेत. आशय भावे या तरुणाने २०२१ मध्ये ‘थेली’ नावाचा बूट आणला. दोन हजार सालच्या आसपासच्या बास्केटबॉल बुटांचा घाट, आणि एका जोडीसाठी प्लॅस्टिकच्या टाकाऊ १० पिशव्या व १२ बाटल्या. दुसऱ्याच्या आठवणी विकत घेण्यापेक्षा घाट घेऊन आपला माल त्यात ओतणं मला जास्त पटतं. तो बूट आपल्या रुंद पंजावर केला असता तर अधिक पटलं असतं. ‘भा’ची मापं कारखान्यांपर्यंत पोहोचतील तेव्हा हे कदाचित होईल.

पुढची प्रकरणं कुठल्याही क्रमाने वाचावीत. चक टेलरचं प्रकरण लांबलं आहे, कंटाळा आला तर सोडून द्या. मापाचं प्रकरण मात्र बूट घ्यायला जाण्याआधी वाचा, आणि जाल तेव्हा संध्याकाळी जा, कारण दिवसभराने पाय थोडा सुजलेला असतो आणि त्याच पायाला बूट बसायला हवा. जे मोजे रोज घालता तेच घालून जा. अर्धा नंबर अनेक दुकानांत ठेवतच नाहीत. ‘हाच चालेल’ म्हणाले तर घेऊ नका, दुसरं दुकान बघा.

हडपसर, पुणे